कटिंग वाडीतच होईल

माझं बोट की-बोर्डला लागलं आणि सरांनी खिशातून रुमाल काढला.

मी फार काही केलं नव्हतं. त्यांच्या लॅपटॉपवर माझी आय दिसत होती. खळ्यावर भाताची रास मोजत होती आणि सरांनी त्यावर ढोल लावला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, हितं आवाज नको." नुसतं तोंडाने म्हणून थांबले असते तर निभावलं असतं. पण चित्र पुढं चाललं होतं, ते थांबवायला मी खालची लांबडी पट्टी दाबली. सरांना दिवसभर तीच दाबताना बघितलं होतं.

चित्र थांबलं. सरांनी रुमालाने पट्टी पुसली. मग आजूबाजूची बटणं पुसली. त्यांना मी शिवलेसुद्धा नव्हते.

"तुमच्या हाताला घाम असतो," ते म्हणाले. "तुझं काम स्टँड उचलायचं. चित्र कापायचं-जोडायचं काम माझं."

मॅडम समोर बसून चहा पीत होत्या. चांगल्या बाई. आम्हाला आजारपणात औषधं आणून देणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, लांबूनच दाखवावं."

घाम. थंडीचे दिवस होते. मी पहाटे वाडीतून उतरून, वैशाखऱ्याला एसटी धरून, मुरबाडवरून शहापूरला आले होते, अंगावर शाल होती. हात बर्फ झाले होते. मला कळलं तो रुमाल कशासाठी निघाला ते. खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मी मागे सरकले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

ही दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. शहापूरला या मॅडमची एक संस्था होती. ती आमच्या ठाकरांच्या वाड्यांत काम करायची. मी बारावीपर्यंत शिकले होते, म्हणून मला तिथं घेतलं. कागदावर मी 'स्थानिक कार्यकर्ती' होते. कामाला मात्र बैल. कॅमेऱ्याचं तिकाटणं, म्हणजे तो तीन पायांचा स्टँड, खांद्यावर घ्यायचं, चढ चढायचा, पुढं जाऊन माणसं गोळा करायची, पाट मांडायचे, पाणी द्यायचं. सर मुंबईहून येत. ते वाड्यांचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकत. ते बघून संस्थेला मदत मिळायची. आमची तोंडं बघूनच मिळायची, हे मला तेव्हा उमजलं नव्हतं.

आता खळ्यावर काय झालं ते सांगते. सगळं त्यातूनच आलंय.

आमच्याकडे भात झोडून झालं, वारवून झालं, की रास करतात. राशीभोवती राखेची रेघ ओढतात. घरातलं जाणतं माणूस पायलीने मोजायला बसतं. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्यानंतर शेवटची पायली पोत्यात पडेपर्यंत रेघेच्या आत कोणी तोंड उघडत नाही. लहान पोरगं रडायला लागलं तर त्याला उचलून लांब नेतात. बोललं तर बरकत जाते, अशी समजूत. खरी का खोटी, मला विचारू नका. देवळात चप्पल का काढता, असं मी कोणाला विचारत नाही.

माझा बा गेल्यापासून रास आय मोजते. त्या दिवशी मी पोतं धरून तिच्यासमोर होते. म्हणजे रेघेच्या आत. आय 'लाभ' म्हणाली आणि सर कॅमेरा घेऊन पुढं आले.

"आजी, बोला ना काहीतरी. यंदा पीक कसं आहे?"

आयने वर बघितलं नाही. सरांनी परत विचारलं. मग मला म्हणाले, सांग ना तिला बोलायला. मी पोतं घट्ट धरून गप्प. ते चिडले. तुला पगार कशाचा देतो, म्हणाले. मला उत्तर येत होतं. साधं सोपं उत्तर होतं, पण रेघेच्या आत मला ते देता येत नव्हतं. मोजणी अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी मान हलवून 'थांबा' असं दाखवायला गेले, तर त्यांना वाटलं मी 'नाही' म्हणते. दोघी मायलेकी बहिऱ्या-मुक्या आहेत काय, असं ते ड्रायव्हरकडे बघून बोलले. आणि बुटासकट आत आले. तिकाटण्याचा एक पाय राखेच्या रेघेच्या आत, राशीला लागून ठोकला.

आयने तेव्हाही तोंड उघडलं नाही. पायली खाली ठेवली. हात लांब केला, तिकाटण्याचा पाय धरला आणि बाहेर सारला. कॅमेरा चालूच होता. तिचा तो हात सरळ कॅमेऱ्याकडे आला.

परत निघताना गाडीत मी सरांना सगळं समजावलं. रास, रेघ, लाभ, सगळं. त्यांनी ऐकलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले की हे बघणाऱ्याला काय माहीत? इंटरनेटवर माणूस मिनिटभर थांबत नाही, गप्प बसलेली बाई कोण बघणार?

म्हणून तर त्या दिवशी शहापूरच्या खोलीत माझं बोट पुढं गेलं. मला वाटलं निदान ढोल तरी जाईल.

व्हिडिओ नेटवर चढला. मी मुरबाडच्या सायबर कॅफेत बघितला. व्हिडिओचं नाव होतं, 'मुक्यांची हाक'. ढोल होताच. वरून माझ्या आयच्या तोंडावर एका बाईचा आवाज लावला होता, छान शुद्ध, रेडिओवर लागतो तसा. आम्हाला बोलता येत नाही, तो आवाज म्हणत होता, आमच्यासाठी कोणीतरी बोला. आणि मग आयचा हात कॅमेऱ्याकडे आला. तिकाटणं सारणारा हात. पण सरांनी तिकाटण्याचा पाय चित्रातून कापला होता. उरला नुसता हात. बोटं पसरलेला, पुढं केलेला. 'मदत करा' ही अक्षरं त्याच्याच खाली आली.

भीक मागणारा हात झाला होता तो.

खाली लोकांनी लिहिलं होतं. बिचारी. डोळ्यांत पाणी आलं. पैसे कुठं पाठवायचे. एकानेही वाईट लिहिलं नव्हतं. सगळे चांगले लोक.

घरी दाखवायचं का नाही, यावर मी बरेच दिवस काढले. शेवटी सीडी करून घेतली. वैशाखऱ्याला एका दुकानात टीव्ही होता, तिथं आयला घेऊन गेले. ती पदर सावरून बसली. तिला स्वतःला टीव्हीत बघायचं म्हणून जरा लाजत होती. व्हिडिओ सुरू झाला आणि तिचं हसू गेलं. संपला तेव्हा तिने मला विचारलं,

"ही बाय कोण बोलतंय माझ्या तोंडातून?"

ती पुढं म्हणाली, "ह्यो हात मी मागाया नाय काढला गो."

दुकानदाराने टीव्ही बंद केला. चढ चढताना आय माझ्यापुढं चालत होती. एकदाही मागं वळून बघितलं नाही तिने. मला वाटलं, रडतेय. वाडीत पोचलो तर डोळे कोरडे होते. म्हणाली, तू त्यांचं सामान उचलतंस ना? उचल. पण पुन्ना माझ्या दारात आणू नको.

मला रुमालाचा राग आला होता, पण तो मी गिळला होता. असले राग गिळायची आम्हाला सवय असते. हा राग गिळला जाईना. कोणी आपल्या आयचा हात कापून नेला आणि त्याची भीक करून जगाला दाखवली, तर काय करायचं असतं? नोकरी सोडून घरी बसले असते तर त्यांचं काय गेलं असतं? दुसरी कोणी पोरगी स्टँड उचलायला मिळाली असती. मी तेव्हा ठरवलं की मला कापायला शिकायचंय.

मुरबाडला लग्नांचं शूटिंग करणारा एक दादा होता. त्याच्या दुकानात मी सुट्टीला जाऊन बसायला लागले. आधी त्याने विचारलं, लग्न कोणाचं? मी म्हटलं, कोणाचं नाय, शिकायचंय. तो हसला, पण हाकललं नाही. त्याने मला माउस दिला आणि दुसऱ्यांच्या वराती कापायला लावल्या. मी नवऱ्यांची डोकी उडवली, मंगलाष्टकं अर्धी तोडली. तो कपाळाला हात लावायचा, पुन्हा बसवायचा.

पुढच्या वर्षी संस्थेला पैसे आले. गावातल्या पोरापोरींनी स्वतः व्हिडिओ करावेत, त्यासाठी सामान घ्यायचं होतं. काय घ्यायचं ते ठरवायला शहापूरला बैठक ठरली. मॅडम म्हणाल्या, तूही ये, चहाचं बघायला कोणी हवंच.

मी दादाला विचारलं, वाडीत बसून कापायचं तर काय लागतं? त्याने भरपूर सांगितलं, निम्मं डोक्यावरून गेलं. राहिलं ते असं की नवा, कार्डावर चालणारा कॅमेरा दिसायला झकास, पण त्याचं चित्र एवढं जड की हलका लॅपटॉप ते ओढूच शकत नाही. "रडत बसंल तो," दादा म्हणाला. त्यापेक्षा छोट्या टेपचा कॅमेरा बरा. चित्र हलकं, साधा लॅपटॉपसुद्धा खेचतो. पण लॅपटॉपला त्या वायरीचं चौकोनी भोक हवं. आणि एक खोट आहे, म्हणाला. टेप लॅपटॉपमध्ये घ्यायची तर जेवढी टेप तेवढा टाइम लागतो. तासाची टेप, तासभर मशीनपुढं बसा. सगळं बघत बसावं लागतं.

त्याला ती खोट वाटत होती. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. सगळं बघत बसावं लागतं. म्हणजे ज्याचं चित्र काढलंय त्याला शेजारी बसवता येईल. तो सगळं बघेल. मग सांगेल, काय ठेव, काय काढ.

सॉफ्टवेअरचंही तसंच. सरांचं महागडं होतं, पण त्यात मराठी अक्षरं टाकली की जोडाक्षरं फुटायची. संगणकासोबत फुकट येणारं साधं होतं, त्यात काना-मात्रा नीट बसायच्या. त्याला लोक खेळणं म्हणत. मला खेळणं चालणार होतं. मी कल्याणला लॅपटॉप बघायला गेले. दुकानदाराला ते चौकोनी भोक विचारलं, तर तो म्हणाला, "किसके लिए चाहिए? साहब को भेज दो." मी काउंटरवरच्या एकेका लॅपटॉपची कड हाताने चाचपत गेले. त्याने दोनदा हटकलं. मी चाचपतच राहिले.

बैठकीत सरांनी सगळं आधीच ठरवून आणलं होतं. शहापूरच्या ऑफिसात मोठा संगणक, एसी खोली, त्यांचं महागडं सॉफ्टवेअर. वाड्यांतल्या पोरांना छोटे कॅमेरे. "शूट ते करतील, कटिंग इथे होईल," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हटलं की मोठा संगणक नको, लॅपटॉप घ्या आणि तो वाडीत राहू दे.

"वाडीत लाईट आहे का?" सरांनी विचारलं. लोक हसले.

मी म्हटलं, असते कधी कधी. शाळेत चार्ज करता येईल. जास्तीची बॅटरी घ्या.

मग मॅडम बोलल्या. त्यांनी आवाज मऊ केला होता. "तुमच्यावर विश्वास आहे गं. पण वस्तू महाग आहे. तुमच्याकडे कोणी पिऊन-बिऊन विकली तर?"

रुमाल काढणाऱ्याचा राग करता येतो. औषधं आणून देणाऱ्या बाईचं काय करायचं? इतकी वर्षं ही बाई आमच्या घरात जेवली होती. आमच्या आयांनी ठेवणीतला तांदूळ काढून तिच्या पानात वाढला होता. आणि तिच्या मनात आमची किंमत ही.

मी जे बोलले ते आजही शब्दाला शब्द आठवतं. "मी आजपासून स्टँड उचलणार नाय. आणि माझ्याबिगर तुमाला एकाही वाडीत कोणी पाट देणार नाय. माझ्या आयचा हात तुमी कापला तो सगळ्या वाड्यांना दाखवून आलेय मी."

ते खरं होतं. सीडी मी वाडीवाडीत फिरवली होती. जिथं वीज नव्हती तिथं तोंडाने सांगितली होती.

सर म्हणाले, हे ब्लॅकमेलिंग आहे. शब्द मला माहीत होता. बाहेर ऑफिसातल्या मुली बोलल्या ते दारातून ऐकू आलं, कानामागून आली आणि तिखट झाली. झाले तिखट. शेवटी त्यांना वाड्यांत जायचंच होतं, त्यावर त्यांचं पोट होतं. एक लॅपटॉप आला. टेपचा कॅमेरा आला. कॉलरला लावायचा माइक आला. सरांनी खरेदीच्या कागदावर सही केली ती माझ्याकडे न बघता.

आमच्या अंगणात पहिली टेप मशीनमध्ये घ्यायला बसलो, तेव्हा अख्खी वाडी जमली. तास लागला, तासभर कोणी उठलं नाही. एक काका त्यात रानातल्या हिरड्याबद्दल बोलता बोलता रडला होता. तो म्हणाला, ह्यं काढ. सरांनी तेवढंच ठेवलं असतं. मी काढलं. आयने आपण होऊन खळ्याचं चित्र काढू दिलं, पण अट घातली. "लाभ म्हंटल्यावं मदी काय लावशील तर बघ." नाही लावलं. बाई मोजतेय आणि कोणी बोलत नाही, एवढंच.

सोपं काही नव्हतं. मशीन तापायचं, अडकायचं. बॅटरी मध्येच मान टाकायची आणि केलेलं सगळं पुसलं जायचं. माइकमध्ये वारा घुसायचा. आणि मला एका गोष्टीची भीती वाटायला लागली. कात्री माझ्या हातात आल्यावर मलाही कोणाचं बोलणं लांबलेलं वाटायचं, कोणाचं तोंड नको वाटायचं. शेजारी ते माणूस बसलेलं असायचं म्हणून हात थांबायचा. एकटी असते तर थांबला असता का, सांगता येत नाही.

व्हिडिओ नेटवर टाकला. फार कोणी बघितला नाही. सर म्हणाले, सांगितलं होतं, हे कोण बघणार? त्यांचं बरोबर होतं. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

पाऊस संपल्यावर सर वाडीत आले, गाडी खाली वैशाखऱ्याला लावून. संस्थेचा मोठा कार्यक्रम होता. आम्ही भरलेल्या टेपा आणि लॅपटॉप ते घेऊन जाणार होते. तिकडे 'नीट' कापून घेणार होते. मॅडमचा निरोप होता, समजूतदारपणे घे.

मी लॅपटॉप आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. वायर, बॅटरी, माइक, कॅमेरा, सगळं ठेवलं. वस्तू त्यांची होती.

"टेपा?" ते म्हणाले.

"टेपा नाय मिळणार."

"टेपा संस्थेच्या पैशाच्या आहेत."

"टेप संस्थेची. तोंडं आमची. कापायचं तर हितं बसा, ज्याचं तोंड हाय त्याच्यासमोर कापा. आमी चहा देऊ."

ते बसले नाहीत. म्हणाले, नोकरी जाईल. मी म्हटलं, गेली समजा. आय दारात उभी होती, माझ्या मागे. काका आला, अजून चार माणसं आली. कोणी हात उगारला नाही. सर सामान घेऊन उतरले. कॅमेऱ्याचं तिकाटणं त्या दिवशी त्यांनी स्वतः उचललं.

त्यानंतर मला शहापूरला कोणी बोलावलं नाही. आजूबाजूच्या संस्थांनीही नाही. भांडखोर म्हणून नाव झालं. मी आता मुरबाडला दादाच्या दुकानात लग्नं कापते. दिवसभर दुसऱ्यांच्या वराती. वाडीत मशीन नाही, टेपा स्टीलच्या डब्यात पडून आहेत. दमट हवेत टेप खराब होते, हे मला ठाऊक आहे. रोज थोडी थोडी जात असेल. ज्यांनी त्यात बोलून ठेवलंय त्यातली काही माणसंसुद्धा गेली. पण दिल्या नाहीत. द्यायच्या नाहीत.

अजून लोक कॅमेरे घेऊन येतात. शहरातली पोरं येतात, कॉलेजची येतात, चांगल्या मनाची. मी चांगलं मन बघत नाही आता. एकच विचारते, कटिंग कुठं करणार? घरी, ऑफिसात, मुंबईला असं काही उत्तर आलं की वाडीत दारं लागतात. मी लावायला सांगत नाही, माणसं आपण होऊन लावतात.

मशीन मी घेणार आहे. संस्थेचं नाही, कोणाच्या दयेचं नाही. माझ्या मजुरीचं. ते वाडीत राहील, आणि ज्याचं तोंड त्याच्या डोळ्यांदेखत कापलं जाईल. तोवर आमच्याकडे कोणाचा कॅमेरा चालू होणार नाही.